अमेरिकन घटना, कलम ५: ३४ राज्यांनी मागितलं तर कन्व्हेन्शन भरतंच का, आणि ३४ मोजतं कोण?

दुर्बीण

अमेरिकेच्या घटनेचं पाचवं कलम वाचतेय. पहिला रस्ता कळला: काँग्रेसच्या (म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या) दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांश मतांनी दुरुस्ती सुचवायची आणि तीन-चतुर्थांश राज्यांनी ती मान्य करायची. आजवरच्या २७ही दुरुस्त्या याच रस्त्याने सुचवल्या गेल्या. दुसरा रस्ता राज्यांचा. दोन-तृतीयांश राज्यांच्या विधिमंडळांनी, म्हणजे आज ५०पैकी ३४ राज्यांनी, अर्ज केला की काँग्रेसने कन्व्हेन्शन, म्हणजे दुरुस्त्या सुचवायला राज्यांच्या प्रतिनिधींची सभा, बोलवायचं. कलमात यावर जेमतेम अर्धं वाक्य आहे आणि माझं घोडं तिथेच अडलंय.

एका ठिकाणी वाचलं की १९ राज्यांनी अर्ज केलेत. दुसरीकडे २८ लिहिलंय. तिसरा म्हणतो की ३४ कधीच झाले, काँग्रेस मुद्दाम डोळेझाक करतेय. तिघंही खोटं बोलत नसावेत. मग भानगड काय आहे?

शिवाय एका राज्याला प्रत्यक्षात करावं काय लागतं? विधेयकासारखा ठराव करून गव्हर्नरच्या सहीला पाठवायचा का? आणि ठराव होऊनही अर्ज वाया जातो तो कशामुळे? मोघम तत्त्वज्ञान नको, प्रक्रिया हवी आहे.

शाईपुसणी

आधी एक गोष्ट नीट करून घेऊ. राज्यं दुरुस्ती सुचवत नाहीत. राज्यं कन्व्हेन्शन मागतात आणि दुरुस्ती सुचवतं ते कन्व्हेन्शन. हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे. घटना लिहिणाऱ्या फिलाडेल्फियाच्या सभेत, १० सप्टेंबर १७८७च्या मसुद्यात, दोन-तृतीयांश राज्यांनी मागणी केली की दुरुस्ती मांडण्याचं काम काँग्रेसनेच करायचं होतं. १५ सप्टेंबरला, सह्या व्हायच्या दोन दिवस आधी, व्हर्जिनियाच्या जॉर्ज मेसनने हरकत घेतली. दोन्ही वाटा शेवटी काँग्रेसच्याच दारातून जातात, सरकारच जुलमी झालं तर ते स्वतःला आवर घालणारी दुरुस्ती कशाला मांडेल, असा त्याचा मुद्दा. मग गूव्हर्नर मॉरिस (हे त्याचं नाव, पद नव्हे) आणि एल्ब्रिज गेरी यांनी कन्व्हेन्शनची दुरुस्ती आणली आणि ती मंजूर झाली. सभेतल्याच जेम्स मॅडिसनने तिथल्या तिथे बजावलं होतं की कन्व्हेन्शनचं स्वरूप काय, कोरम किती, यावरून अडचणी येतील. त्या अडचणी कुणी सोडवल्या नाहीत. तुम्ही आज विचारताय ते प्रश्न म्हणजे त्याच अडचणी.

आता राज्याने करायचं काय. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत एकाच मजकुराचा ठराव मंजूर करून घ्यायचा. नेब्रास्काला एकच सभागृह आहे, तिथे काम निम्मं. ठरावाला कुठे जॉइंट रिझोल्युशन म्हणतात, कुठे कॉन्करंट. नावाने बिघडत नाही. गव्हर्नरची सही कलम ५ला लागत नाही, कारण घटनेने हे काम 'लेजिस्लेचर'ला दिलंय आणि हा कायदा करण्याचा प्रकार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९२०च्या हॉक विरुद्ध स्मिथ खटल्यात राज्यांच्या मान्यतेबाबत हेच धरलं: ओहायोला ती मान्यता सार्वमताला टाकायची होती, न्यायालय म्हणालं की 'विधिमंडळ' म्हणजे निवडून आलेली सभा, मतदार नव्हेत. अर्जालाही हीच रेघ लावली जाते. १९८४मध्ये कॅलिफोर्नियात आणि मॉंटानात मतदारांच्या पुढाकाराने विधिमंडळाला अर्ज करायला भाग पाडण्याचे प्रयत्न झाले. दोन्ही राज्यांच्या सर्वोच्च न्यायालयांनी ते मतपत्रिकेवरूनच काढून टाकले. थोडक्यात, सह्या गोळा करून विधिमंडळावर दबाव आणता येतो, त्याच्या जागी बसता येत नाही.

साधं बहुमत पुरतं का? बहुतेक राज्यांत पुरतं. कॅन्ससच्या राज्यघटनेत दोन-तृतीयांशाची अट आहे, इलिनॉयमध्ये तीन-पंचमांशाची. इलिनॉयच्या अटीवर १९७५मध्ये डायर विरुद्ध ब्लेअर हा खटला झाला. फेडरल न्यायालय म्हणालं की राज्यघटना विधिमंडळाला या कामात बांधू शकत नाही, मात्र सभागृहाने स्वतःच्या नियमांत ती अट घेतली असेल तर ती चालेल. म्हणून ठराव मांडण्याआधी त्या सभागृहाची नियमावली उघडून बघावी. तीन-चार मतांनी हरलेला ठराव पुष्कळदा नियमावलीने हरवलेला असतो.

खरं काम मजकुरात आहे. मजबूत अर्जात हे सगळं सापडतं:

'____ राज्याचे विधिमंडळ, संयुक्त संस्थानांच्या घटनेच्या पाचव्या कलमान्वये, फक्त पुढील विषयावर दुरुस्त्या सुचवण्यासाठी राज्यांचे कन्व्हेन्शन बोलवावे असा काँग्रेसकडे याद्वारे अर्ज करीत आहे.'

यातलं क्रियापद बघा. 'अर्ज करीत आहे.' काही ठरावांत 'काँग्रेसने अमुक दुरुस्ती सुचवावी अशी विनंती' इतकंच असतं. ते निवेदन झालं, त्याची मोजणी होत नाही. कुठे दोन्ही एकत्र असतं: काँग्रेसने अमुक मुदतीत दुरुस्ती मांडली नाही तर हाच अर्ज समजावा. अशा जर-तरच्या अर्जांवर वाद होतात, टाळलेले बरे.

दुसरा भाग विषयाची व्याख्या. फार ढिली ठेवली तर इतर राज्यांच्या अर्जांशी जुळत नाही, फार घट्ट ठेवली तरी जुळत नाही. दुरुस्तीचा शब्द न् शब्द अर्जात छापून 'हाच मजकूर मंजूर करा, नाहीतर काही नको' असं म्हटलं तर कन्व्हेन्शनला 'सुचवण्या'चं काम उरतच नाही, आणि असा अर्ज वैध नाही असं मानणारे बरेच अभ्यासक आहेत. तिसरा भाग, हा अर्ज त्याच विषयावर दोन-तृतीयांश राज्यांचे अर्ज येईपर्यंत चालू राहील असं कलम. चौथा, कुणाच्या अर्जांसोबत तो जोडला जावा आणि कुणाच्या नाही, हे. शेवटचा भाग पाठवण्याचा: प्रमाणित प्रती सिनेटचे अध्यक्ष आणि सचिव, प्रतिनिधिगृहाचे स्पीकर आणि क्लार्क, राज्याचे काँग्रेसमधले सदस्य आणि बाकी राज्यांची विधिमंडळं यांना. हा भाग कारकुनी वाटतो, पण ठराव झाला नि प्रत वॉशिंग्टनला गेलीच नाही, तर काँग्रेसच्या दृष्टीने तुम्ही काही मागितलंच नाही.

वाया जाण्याची सर्वांत साधी कारणं मात्र घटनेतली नसतातच. एक सभागृह समितीत दोन शब्द बदलतं, मजकूर जुळत नाही, परत पाठवेपर्यंत सत्र संपतं. टेक्सास, मॉंटाना, नॉर्थ डकोटा आणि नेवाडा इथे नियमित अधिवेशन फक्त विषम वर्षी भरतं. टेक्सासचं १४० दिवसांचं, नेवाडाचं १२०, मॉंटानाचं ९०. एकदा चुकलं की दोन वर्षं गेली.

बेरीजवजाबाकी

१९, २८ आणि ३४ हे तिन्ही आकडे त्या-त्या हिशेबाने बरोबर आहेत. कारण अधिकृत बेरीज करणारा कुणी नाही. किती काळ अर्ज जिवंत राहतो, कोणते अर्ज एकत्र मोजायचे, मागे घेतलेला अर्ज वजा करायचा का, यातलं काहीही घटनेत लिहिलेलं नाही आणि यावर काँग्रेसने कायदाही केलेला नाही.

१९ हा कन्व्हेन्शन ऑफ स्टेट्स या मोहिमेचा आकडा. त्यांच्या अर्जाचा साचा एकच, विषय तीन: केंद्राच्या खर्चावर मर्यादा, केंद्राच्या अधिकारांवर मर्यादा, आणि काँग्रेस सदस्य व केंद्रीय अधिकाऱ्यांच्या कार्यकाळावर मर्यादा. २०१४च्या मार्चमध्ये जॉर्जिया पहिलं, २०२२च्या मार्चमध्ये दक्षिण कॅरोलिना १९वं.

२८ हा संतुलित अंदाजपत्रकाच्या (केंद्राने उत्पन्नापेक्षा जास्त खर्च करू नये या) दुरुस्तीचा, तोही समर्थकांनी २०१७च्या शेवटी केलेला. याची कुंडली जरा लांब आहे आणि वजाबाकी समजायला तीच बघावी. सत्तरीच्या दशकात अर्ज सुरू झाले, १९८३मध्ये मिसूरी ३२वं राज्य झालं. दोन कमी. तिथून गाडी उलटी फिरली. १९८८मध्ये अलाबामा आणि फ्लोरिडाने अर्ज मागे घेतले, मग एकेक करत आणखी बऱ्याच राज्यांनी. पुढे २०१०मध्ये फ्लोरिडाने पुन्हा अर्ज केला, २०११मध्ये अलाबामाने. २०१६मध्ये डेलावेअरने आणि २०१७मध्ये मेरीलँड, न्यू मेक्सिको, नेवाडा यांनी आपले सगळे जुने अर्ज रद्द केले. त्याच वर्षी वायोमिंग, ॲरिझोना आणि विस्कॉन्सिन आत आले. एका हाताने भरायचं आणि दुसऱ्याने ओतायचं, असा हा रांजण.

'३४ झाले' म्हणणारे दोन प्रकारचे. पहिले म्हणतात, अर्ज मागे घेताच येत नाही. एकदा टाकलेलं मत परत मिळतं का? या हिशेबाने २०१४मध्ये मिशिगनचा अर्ज ३४वा ठरला, आणि कॅलिफोर्नियाचे सदस्य डंकन हंटर यांनी स्पीकर जॉन बेनर यांना पत्र लिहून मोजणी करायला सांगितलं होतं. दुसरे म्हणतात, ज्या राज्यांनी विषय न सांगता सरसकट कन्व्हेन्शन मागितलं त्यांचा अर्ज कुठल्याही विषयाच्या ढिगात टाकता येतो. म्हणून न्यूयॉर्कचा १७८९चा अर्ज २१व्या शतकातल्या अंदाजपत्रकाच्या ढिगात येतो! २०२२मध्ये प्रतिनिधिगृहात या धर्तीचा ठरावही मांडला गेला. पुढे सरकला नाही.

माझं मत विचाराल तर दुसरा हिशेब ओढूनताणून केलेला आहे. १७८९मध्ये न्यूयॉर्कला हक्कांच्या हमीच्या दुरुस्त्या हव्या होत्या, आणि पहिल्या दहा त्यानंतर तीन वर्षांच्या आत मिळाल्याही. त्या कागदावर आज अंदाजपत्रकाचं कन्व्हेन्शन बोलवणं म्हणजे पणजोबांच्या सहीने चेक वटवणं. पण 'जुना कागद मेला' असं ठामपणे म्हणायलाही आधार कच्चा आहे. १७८९मध्ये काँग्रेसने राज्यांकडे पाठवलेली पगारवाढीची दुरुस्ती १९९२मध्ये पुरेशी राज्यं मिळून २७वी म्हणून घटनेत आली, २०२ वर्षांनी. राज्यांच्या मान्यता इतकी वर्षं टिकतात तर अर्ज का टिकू नयेत, हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही.

दुर्बीण

म्हणजे विषयसुद्धा वादाचा. कार्यकाळाच्या मर्यादेवर वेगळी मोहीमही आहे ना? मग १९ राज्यांच्या तीन-विषयी अर्जातला तिसरा विषय तिकडे धरतात का?

आणि समजा निर्विवाद ३४ झाले. काँग्रेस हाताची घडी घालून बसली तर?

बेरीजवजाबाकी

नुसत्या कार्यकाळासाठी जी मोहीम चालते तिचा साचा एकविषयी आहे. एका राज्याने 'क, ख, ग यांच्यासाठी कन्व्हेन्शन' मागितलं याचा अर्थ त्याला 'फक्त ग'साठी कन्व्हेन्शन चालेल असा होत नाही. म्हणून चौथ्या भागाला, म्हणजे जोडणीच्या कलमाला, महत्त्व. ज्यांनी ते लिहिलं नाही त्यांचा अर्थ काँग्रेस लावणार.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इतिहासात एकदा वेगळ्याच प्रकारे मिळालंय: काँग्रेस ३४ होऊच देत नाही, आधीच नमतं घेते. सिनेटर पूर्वी राज्यांच्या विधिमंडळांतून निवडले जात. थेट निवडणुकीची दुरुस्ती प्रतिनिधिगृहाने अनेकदा मंजूर केली आणि सिनेटने दरवेळी दाबून ठेवली. कोण आपल्याच खुर्चीखालची सतरंजी ओढेल? मग राज्यांनी कन्व्हेन्शनचे अर्ज पाठवायला सुरुवात केली. आकडा दोन-तृतीयांशाच्या जवळ पोचला, आणि मे १९१२मध्ये काँग्रेसने स्वतःच दुरुस्ती राज्यांकडे धाडली. ८ एप्रिल १९१३ला ती १७वी झाली. अर्जांच्या दबावाशिवाय ती तेव्हा आलीच नसती असं छातीठोक सांगता येणार नाही, पण सिनेटर काय पाहून हलले असतील हे ओळखायला फार डोकं लागत नाही. उघडं कन्व्हेन्शन आलं तर मजकूर त्यांच्या हातात राहिला नसता.

उलट उदाहरण १९६९चं. १९६४च्या रेनॉल्ड्स विरुद्ध सिम्स निकालाने राज्यांच्या दोन्ही सभागृहांचे मतदारसंघ लोकसंख्येनुसार आखणं सक्तीचं झालं. सिनेटर एव्हरेट डर्कसन यांनी त्याविरुद्ध राज्यांना उठवलं आणि आयोवा ३३वं राज्य झालं. एक कमी! ते एक कधी आलंच नाही. नव्याने आखलेल्या मतदारसंघांतून नवे आमदार निवडून येऊ लागले आणि निकाल उलटवण्यात त्यांना काही रस नव्हता. डर्कसनही त्याच सप्टेंबरमध्ये वारले.

शाईपुसणी

काँग्रेस बसून राहिली तर, याचं लिखित उत्तर कडक आहे. कलमात 'शॅल कॉल' आहे. अलेक्झांडर हॅमिल्टनने 'फेडरलिस्ट' या घटनेच्या समर्थनार्थ लिहिलेल्या निबंधमालेच्या ८५व्या निबंधात स्पष्ट म्हटलं की काँग्रेसवर हे बंधनकारक आहे, तिच्या मर्जीवर काही सोडलेलं नाही. व्यवहारात पळवाट 'बोलवणार नाही' अशी नसेल. 'अजून ३४ झालेले नाहीत' अशी असेल. अर्ज न्यायसमितीकडे जातील, समिती ते विषयवार लावेल, निम्मे बाद करेल. न्यायालयात गेलं तर १९३९चा कोलमन विरुद्ध मिलर समोर येतो, ज्यात दुरुस्तीच्या प्रक्रियेतले काही प्रश्न राजकीय आहेत, काँग्रेसनेच सोडवावेत, असा सूर आहे. न्यायालय काँग्रेसला 'बोलवा' असा आदेश देईल यावर मी पैज लावणार नाही. नुसतं ३४ झाले की नाही एवढंच ठरवायला मात्र ते तयार होऊ शकतं.

हे सगळं आधीच कायद्यात बसवावं म्हणून सिनेटर सॅम एर्विन यांनी विधेयक आणलं होतं. १९७१मध्ये सिनेटने ते ८४ विरुद्ध ० मंजूर केलं, १९७३मध्ये पुन्हा. प्रतिनिधिगृहाने दोन्ही वेळा हात लावला नाही. त्यात नवल नाही. नियम लिहिले की कन्व्हेन्शन शक्य कोटीत येतं. लिहिले नाहीत की धूसरपणाच कुंपणाचं काम करतो.

बोलावण्याच्या ठरावात काँग्रेसने निर्विवादपणे ठरवायच्या गोष्टी दोनच: तारीख आणि जागा. विषयही त्यात लिहायचा हे बहुतेकांना मान्य. राष्ट्राध्यक्षाची सही लागू नये, कारण दुरुस्तीच्या प्रक्रियेत त्याचं काम नाही हे १७९८च्या हॉलिंग्सवर्थ विरुद्ध व्हर्जिनियापासून ठरलेलं आहे.

आत गेल्यावर मतदान कसं? इथे पूर्वपीठिका राज्यांच्या बाजूने आहे. १७८७ला फिलाडेल्फियात १२ राज्यं आली (ऱ्होड आयलंड आलंच नाही) आणि प्रत्येकाला एक मत होतं, प्रतिनिधी कितीही असोत. फेब्रुवारी १८६१मध्ये युद्ध टाळण्यासाठी व्हर्जिनियाच्या निमंत्रणावरून वॉशिंग्टनच्या विलर्ड हॉटेलात ३४पैकी २१ राज्यं जमली, तिथेही एक राज्य एक मत. ते कलम ५चं कन्व्हेन्शन नव्हतं, पण कामकाज कसं चालेल याचा तो सर्वांत जवळचा नमुना. सप्टेंबर २०१७मध्ये फीनिक्सला काही राज्यांनी अंदाजपत्रकाच्या कन्व्हेन्शनची पूर्वतयारी सभा घेतली, तिच्यातही नियमावली याच धर्तीची होती. प्रतिनिधी, म्हणजे कमिशनर, निवडणं आणि त्यांना सूचना देणं राज्याच्या विधिमंडळाकडे. इंडियानाने २०१३मध्ये कायदाच केला: नेमून दिलेल्या विषयाबाहेर दिलेलं मत रद्दबातल, आणि जाणूनबुजून दिलं तर गंभीर गुन्हा. त्यामागून इतरांनीही असे कायदे केले. म्हणून 'पिसाळलेलं कन्व्हेन्शन' (नेमून दिलेला विषय सोडून मनमानी करणारं) ही भीती मला फुगवलेली वाटते.

उलटतपासणी

वरचा प्रतिसाद माहितीने भरगच्च आहे, पण शेवटचं वाक्य नजरेआड करता येत नाही.

फिलाडेल्फियाचाच दाखला द्यायचा तर पूर्ण द्या. २१ फेब्रुवारी १७८७चा तेव्हाच्या काँग्रेसचा ठराव होता की जुन्या परिसंघाच्या कलमांची (आजच्या घटनेआधी राज्यांना बांधणाऱ्या कराराची) फेरतपासणी एवढ्याच हेतूने सभा भरावी. जुन्या कलमांत दुरुस्तीला १३ही राज्यांची संमती लागत होती. बाहेर काय आलं? नवी घटना, आणि ती लागू व्हायला ९ राज्यं पुरेशी. मर्यादेचाही नियम बदलला आणि मंजुरीचाही. यावर उत्तर येईल की बहुतेक राज्यांनी आपल्या प्रतिनिधींना दिलेले अधिकार काँग्रेसच्या ठरावाहून व्यापक होते. खरं आहे. पण मॅसॅच्युसेट्स आणि न्यूयॉर्कच्या सूचना त्या ठरावासारख्याच अरुंद होत्या.

इंडियानाच्या कायद्याचं बोलू. कमिशनरने विषयाबाहेर मत दिलं आणि कन्व्हेन्शनच्या अध्यक्षाने ते मोजलं, तर इंडियाना काय करणार? परत बोलावणार, खटला भरणार. तोवर प्रस्ताव मंजूर होऊन बसलेला. राज्याचा कायदा कन्व्हेन्शनच्या मोजणीला बांधतो की नाही, हे कोणत्याही न्यायालयाने सांगितलेलं नाही. शिवाय 'केंद्राच्या अधिकारांवर मर्यादा' हा विषय किती रुंद आहे? त्यात पर्यावरण, आरोग्यविमा, शिक्षण, सगळं बसतं. विषयाबाहेर जायची गरजच पडणार नाही.

एक राज्य एक मत धरलं तर २६ राज्यांच्या बहुमताने प्रस्ताव निघतो, आणि सर्वांत लहान २६ राज्यांत देशाची पाचवा हिस्साही लोकसंख्या नाही. दुसरीकडे कॅलिफोर्नियाने २०२३मध्ये शस्त्रनियंत्रणाच्या दुरुस्तीसाठी कलम ५खाली अर्ज केला. म्हणजे हत्यार एकाच पक्षाचं नाही. आज टाळ्या वाजवणारे उद्या कान झाकतील.

शाईपुसणी

मोजणीवर राज्याच्या कायद्याचं बंधन आहे की नाही हे अनिर्णित आहे, मान्य. 'फुगवलेली' हा शब्द मागे घेतो, 'बऱ्याच कुलपांमागची' म्हणतो. शेवटचं कुलूप ३८ राज्यांचं आहे आणि ते फिलाडेल्फियासारखं बदलता येणार नाही, कारण ते याच कलमात लिहिलंय ज्याच्या जोरावर कन्व्हेन्शन भरणार.

बेरीजवजाबाकी

त्या कुलपाचा हिशेब देतो, चर्चेत तो नेहमी गाळला जातो.

कन्व्हेन्शनने सुचवलेलं काहीही आपोआप लागू होत नाही. तीन-चतुर्थांश, म्हणजे ३८ राज्यांची मान्यता हवीच. देशात राज्यांची सभागृहं ९९. अर्जाच्या टप्प्याला ३४ राज्यं म्हणजे ६८ सभागृहं (नेब्रास्का त्यात असेल तर ६७). मान्यतेला ७६, किंवा ७५. अडवायला मात्र १३ राज्यांतलं एकेक सभागृह पुरे. ९९पैकी फक्त १३! रात्री दिवे लावून रचलेला प्रस्ताव तेरा सभागृहांच्या नुसत्या स्वस्थ बसण्याने मरतो, कुणाला 'नाही' म्हणायचीही गरज नाही.

मान्यता विधिमंडळांनी द्यायची की त्यासाठी राज्याराज्यांत वेगळी कन्व्हेन्शनं भरवायची, हे काँग्रेस ठरवते. १९३१च्या स्प्रेग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही निवड काँग्रेसचीच असल्याचं सांगितलं. ही मान्यतेची कन्व्हेन्शनं आणि आपण बोलतोय ते सुचवण्याचं कन्व्हेन्शन या दोन वेगळ्या वस्तू. नावसाधर्म्याने लोक हमखास गोंधळतात. मान्यतेची कन्व्हेन्शनं एकदाच वापरली गेली, दारूबंदी उठवणाऱ्या २१व्या दुरुस्तीला. २० फेब्रुवारी १९३३ला काँग्रेसने पाठवली, ५ डिसेंबरला यूटा ३६वं राज्य झालं (तेव्हा राज्यं ४८). साडेनऊ महिने. उमेदवार आधीच 'उठवा' किंवा 'ठेवा' असं सांगून निवडणुकीला उभे होते, त्यामुळे चर्चा जवळपास नव्हतीच. विधिमंडळं टाळली ती याचसाठी की तिथे दारूबंदीवाल्यांचा वचक होता.

यातून एक फट राहते. प्रस्ताव काँग्रेसला न आवडणारा असेल तर ती मान्यतेचा मार्ग ठरवायलाच टाळाटाळ करू शकते का? कलमात मुदत नाही. मान्यतेची सात वर्षांची मुदत १८व्या दुरुस्तीपासून काँग्रेस बहुतेकदा घालत आली, पण कन्व्हेन्शनच्या प्रस्तावावर ती कोण घालणार? शहाणं कन्व्हेन्शन मुदत दुरुस्तीच्या मजकुरातच लिहील, जशी १८व्या, २०व्या, २१व्या आणि २२व्यात आहे. बाहेरच्या ठरावात लिहिलेल्या मुदतीने काय होतं ते १९७२च्या समान हक्क दुरुस्तीने दाखवलंय: मुदत वाढवली, पाच राज्यांनी मान्यता मागे घेतली, आणि भांडण अजून विझलेलं नाही.

कन्व्हेन्शनलाही न उघडणारं एक दार आहे. कोणत्याही राज्याचा सिनेटमधला समान वाटा त्याच्या संमतीशिवाय काढता येत नाही. कलम ५मधली दुसरी बंदी, १८०८पूर्वी गुलामांच्या आयातीला हात न लावण्याची, केव्हाच कालबाह्य झाली.

दुर्बीण

तेरा सभागृहांचा हिशेब डोळे उघडणारा आहे. शेवटचं: एखाद्या राज्याचा अर्ज खरोखर काँग्रेसमध्ये पोचला का, हे माझं मीच तपासायचं तर?

शाईपुसणी

तीन जागा बघा, तिन्ही लागतात. पहिली, राज्याच्या विधिमंडळाचं संकेतस्थळ. तिथे ठरावाचा अंतिम, प्रमाणित मजकूर घ्या, मांडला तेव्हाचा नको. दुसरी, काँग्रेशनल रेकॉर्ड या काँग्रेसच्या कामकाजाच्या अधिकृत नोंदीतलं सिनेटचं 'पिटिशन्स अँड मेमोरियल्स' सदर. तिथे प्रत्येक निवेदनाला 'पीओएम' आणि क्रमांक असतो, आणि पुष्कळदा पूर्ण मजकूरही छापलेला असतो. तिसरी, प्रतिनिधिगृहाच्या क्लार्कचं पान. २०१५पासूनच्या नियमाने न्यायसमितीचे अध्यक्ष ज्या निवेदनांना कलम ५चा अर्ज किंवा माघार म्हणून खूण करतात ती तिथे वर्ष आणि राज्यासकट चढवली जातात. त्याआधीची जुनी कागदपत्रं तिथे तुटकच सापडतात, त्यांच्यासाठी रेकॉर्डच चाळावं लागतं.

मग तीन तारखा शेजारी लिहा: ठराव मंजूर, प्रत पाठवली, रेकॉर्डमध्ये आली. पहिली आहे नि तिसरी नाही असं दिसलं तर त्या राज्याच्या सचिवालयाकडे पाठवणीच्या पत्राची प्रत मागायची. आणि माघारीचे ठराव वेगळे शोधा. 'रिसिंड' शब्दाने, शिवाय राज्याच्या नावाने. काही माघारी 'आजवरचे सर्व अर्ज' अशा एका ओळीत असतात, त्यात विषयाचं नावच नसतं, त्यामुळे विषयाने शोधलंत तर त्या कधीच सापडणार नाहीत.